वाचकांचे प्रश्न : तापामागचा जंतू कोणता?

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे तापाविषयीची आहेत. ठाणे, कळवा, दिवा आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या वाचकांनी ती लिहिली आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांच्या मनात जंतू म्हणजे एकाच प्रकारचा शत्रू असून त्याला मारणारे औषधही एकाच प्रकारचे असते, असे गृहीत धरलेले दिसले. प्रत्यक्षात विषाणू, जिवाणू, परजीवी आणि बुरशी यांची रचना, शरीरात राहण्याची जागा आणि इजा करण्याची रीत इतकी वेगळी असते की एकाचे औषध दुसऱ्याला बहुधा लागूच पडत नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत आधी जंतूची ओळख करून दिली आहे आणि उपचारांचे त्यानंतर लिहिले आहे. ज्यांनी रुग्णाला समोर बसवून तपासले आहे त्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातीला तीन दिवस ताप, सर्दी आणि खोकला होता. डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ असे सांगून फक्त पॅरासिटामॉल दिले. आमचे जुने डॉक्टर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक देत आणि मूल बरे होई. जंतूमुळेच आजार झाला असेल, तर जंतू मारणारे औषध का दिले नाही?
— एक आजोबा, नौपाडा, ठाणे

तुमच्या प्रश्नाचे उत्तर अँटिबायोटिक नेमके कशावर घाव घालते, यात आहे. जिवाणू हा एका पेशीचा का होईना, पण पूर्ण सजीव असतो. तो अन्न घेतो, वाढतो आणि स्वतःच्या बळावर दुभंगून एकाचे दोन होतो. त्याच्याभोवती एक कणखर भिंत असते आणि आत प्रथिने तयार करणारी त्याची स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातले अमॉक्सिसिलिन ही भिंत बांधण्याचे काम अडवतात, त्यामुळे वाढू पाहणारा जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे ती सुरक्षित राहते. डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही औषधे जिवाणूच्या प्रथिनयंत्रणेला अडवतात, आणि ती यंत्रणा आपल्या पेशीतील यंत्रणेपेक्षा घडणीने वेगळी असल्यामुळेच हे साधते.

विषाणूपाशी यातले काहीच नसते. थोडीशी जनुकीय सामग्री आणि तिच्याभोवती प्रथिनांचे वेष्टण, एवढाच त्याचा संसार. तो नाकातल्या किंवा घशातल्या पेशीला चिकटतो, आत शिरतो आणि त्या पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या हजारो प्रती काढून घेतो. पाडायला भिंत नाही आणि अडवायला स्वतःची यंत्रणा नाही, म्हणून अँटिबायोटिक कितीही महागडे असले तरी सर्दीच्या विषाणूला त्याची झळ पोहोचत नाही. विषाणूंवर औषधेच नाहीत, असा याचा अर्थ मात्र नव्हे. कांजिण्यांच्या विषाणूवर ॲसायक्लोव्हिर आहे. इन्फ्लुएंझावर ओसेल्टामिव्हिर आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. हेपॅटायटिस-सी तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. परंतु यातले प्रत्येक औषध ठरावीक विषाणूपुरते बनलेले असते, आणि साध्या सर्दीचे विषाणू इतक्या जातींचे आहेत व मूल इतक्या लवकर स्वतःहून बरे होते की तिथे असे औषध वापरले जात नाही.

मग तुमच्या जुन्या डॉक्टरांच्या औषधाने मूल कसे बरे होई? ते औषधाशिवायही तितक्याच दिवसांत बरे झाले असते. ताप हे बहुतांशी शरीराचेच काम असते. संसर्ग ओळखलेल्या पांढऱ्या पेशी काही रसायने रक्तात सोडतात, ती मेंदूतील तापमानाच्या केंद्रापर्यंत पोहोचतात आणि ते केंद्र शरीराचे तापमान वाढवून घेते. पॅरासिटामॉल ते तापमान खाली आणते आणि मुलाला आराम देते, पण जंतूला मारत नाही. ते काम नातीची स्वतःची प्रतिकारशक्ती करत असते, आणि तिला साधारण तीन ते सात दिवस लागतात. या काळात अँटिबायोटिक दिले तर नुसताच खर्च होत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जुलाब लागतात, आणि जे चिवट जिवाणू वाचतात त्यांना मोकळे रान मिळते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेत हे औषध घेतले गेले तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. आज आपल्या शहरांतील अतिदक्षता विभागांत तो खरा ठरलेला पाहताना फार वाईट वाटते, कारण गोळी देऊन निभावेल अशा लघवीच्या संसर्गासाठीसुद्धा कधीकधी रुग्णाला दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागते.

आता दुसरी बाजूही सांगतो. घसा तीव्र दुखत असेल, टॉन्सिलवर पांढरे ठिपके असतील, मानेच्या गाठी सुजल्या असतील आणि सर्दी-खोकला मात्र नसेल, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. तिथे पेनिसिलिन गटातले औषध पूर्ण दहा दिवस द्यावे लागते, कारण ते टाळल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. विषाणूने सुजलेल्या श्वासमार्गात मागाहून जिवाणू शिरून कान फुटणे किंवा न्यूमोनिया होणे, हेही घडते. म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला, मूल खेळेनासे किंवा पिईनासे झाले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, किंवा शांत असताना मोजलेले श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक भरले, तर त्याच दिवशी पुन्हा दाखवावे. नाकातला शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला, एवढ्यावरून जिवाणूचा संसर्ग ठरत नाही. डॉक्टरांनी तुमच्या नातीला अँटिबायोटिक दिले नाही, याचे मला समाधान वाटले. गर्दीच्या दवाखान्यात औषध लिहून देण्यापेक्षा न देण्याचे कारण समजावून सांगायला जास्त वेळ लागतो.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. मागच्या आठवड्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचले होते आणि बंद पडलेली रिक्षा ढकलत मला गुडघाभर पाण्यातून जावे लागले. पायाला जखम होती. ‘लेप्टोची गोळी घे’ असे मित्र म्हणतात, पण मला ताप नाही. आजार नसताना गोळी घ्यायची का?
— एक रिक्षाचालक, कळवा

तुमच्या मित्रांचा सल्ला योग्य आहे, मात्र गोळी स्वतःच्या मनाने न घेता महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे आजच जाऊन घ्यावी. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार, अतिशय बारीक जिवाणू आहे. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात तो त्यांना फारसा त्रास न देता राहतो आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडतो. गुरे, डुकरे आणि कुत्री यांच्याकडूनही तो पसरतो. कोरड्या जागी तो लवकर मरतो, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. मुसळधार पावसात गटारे आणि बिळे एकत्र वाहू लागली की तेच पाणी रस्त्यावर येते. पायाची चीर, खरचटलेली जागा, किंवा फार वेळ पाण्यात राहून पांढरी व मऊ पडलेली त्वचा त्याला आत शिरायला पुरते. डोळ्यांत आणि तोंडात उडालेल्या पाण्यातूनही तो शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई आणि परिसरात लेप्टोची मोठी साथ आली, ती याच वाटेने.

शरीरात शिरल्यावर तो लगेच काही करत नाही. साधारण ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही, एकाएकी थंडी वाजून ताप येतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. आधीच्या दिवसांत तो रक्तावाटे सर्वत्र पोहोचलेला असतो आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करत असतो. पुष्कळांचा आजार इथेच थांबतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, आणि फुप्फुसांत रक्तस्राव झाला तर काही तासांत श्वास लागून जीव धोक्यात येतो. तुम्ही आज ठणठणीत असलात तरी हे दिवस अजून उलटलेले नाहीत, हे म्हणूनच महत्त्वाचे.

डॉक्सिसायक्लिन ही या आजाराची प्रतिबंधक गोळीही आहे आणि औषधही आहे. साचलेल्या पाण्याशी संपर्क आल्यावर ती पहिल्या एक ते तीन दिवसांत घेतली तर सर्वात चांगले. तुम्हाला उशीर झाला असला तरी, पायाची जखम आणि पुढेही त्याच पाण्यातून धंदा करावा लागणार हे पाहून, किती मात्रा आणि किती आठवडे घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ही गोळी सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे औषध असते. म्हणून उरलेल्या गोळ्या घरात वाटून टाकू नयेत. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून छातीत तीव्र जळजळ होते.

ताप आलाच तर डॉक्टरांना सर्वात आधी ‘मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे सांगा. हे एक वाक्य कित्येक तपासण्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि जाणकार डॉक्टर तिच्यासाठी न थांबता औषध सुरू करतात. आजार वाढलेला असेल तर रुग्णालयात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन देतात. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका. मूत्रपिंडे आधीच संकटात असताना त्या त्यांच्यावर आणखी भार टाकतात.

प्रश्न : मुलाचा डेंग्यूचा ताप पाचव्या दिवशी उतरला, पण प्लेटलेट ६५ हजारांवर आल्या आहेत. पपईच्या पानांचा रस चालू आहे. आता काळजीचे कारण नाही ना?
— एक आई, नेरूळ

काळजीने लक्ष ठेवण्याचे दिवस नेमके हेच आहेत. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वात नाजूक असतात. त्या वेळी विषाणू रक्तातून ओसरत असतो, पण त्याच्याशी लढताना शरीराने सोडलेल्या रसायनांमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातले पाणी पोटाच्या व छातीच्या पोकळीत जमा होऊन रक्तदाब खाली येऊ शकतो. म्हणून केवळ प्लेटलेटच्या आकड्याकडे पाहू नका. त्याच रिपोर्टमधील हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, चढत आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मुलगा सुस्त किंवा अस्वस्थ होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. रक्तस्राव नसताना फक्त आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. डेंग्यूच्या विषाणूवर अद्याप खास औषध नाही आणि योग्य प्रमाणातले पाणी व क्षार हाच उपचार आहे. त्यामुळे पपईच्या कडू रसाने मुलाला मळमळत असेल तर तो थांबवून ओआरएस, पेज आणि नारळपाणी द्यावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन कटाक्षाने टाळावे. विषाणूचे चार प्रकार आहेत, एकदा झाल्याने उरलेल्या तिघांपासून कायमचे संरक्षण मिळत नाही, आणि दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. हा विषाणू डासांमार्फत पसरतो, तेव्हा आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेले व साचलेले सारे पाणी काढून टाकण्याचा दिवस, घरात आणि सोसायटीच्या गच्चीवरही पाळला जावा.

प्रश्न : माझे यजमान वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. त्यांना फुप्फुसाचा टीबी निघाला. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबला, वजन वाढले, आता ते म्हणतात की गोळ्या पुरे. लघवी लाल होते त्याचीही त्यांना भीती वाटते. काय करावे? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.
— एक गृहिणी, तुर्भे

ताई, सर्वात आधी भीती दूर करते ती गोष्ट सांगतो. लघवीचा केशरी-लाल रंग रिफॅम्पिसिन या औषधाचा आहे. ते रक्त नव्हे, आणि औषध शरीरात पोहोचत आहे याचीच ती खूण आहे.

आता गोळ्या का थांबवू नयेत ते पाहू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जिवाणू जगापुढे मांडला, तेव्हापासून त्याचा संथपणा अभ्यासकांना ठाऊक आहे. जुलाब घडवणारे काही जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, क्षयाच्या जिवाणूला त्याच कामाला जवळपास एक दिवस लागतो. त्याच्याभोवती मेणासारखे जाड आवरण असते. फुप्फुसात आल्यावर त्याला गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या पोटातच तो तग धरतो, आणि शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारून त्याला कोंडून ठेवू पाहते. ही तटबंदी आतून विरघळली की फुप्फुसात पोकळी होते आणि खोकल्यावाटे जिवाणू हवेत जातात. पहिल्या दोन महिन्यांत आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंना मारतात, म्हणून खोकला थांबतो आणि भूक लागते. पण काही जिवाणू जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत दडून राहिलेले असतात. ते जेव्हा जागे होतात तेव्हाच औषध त्यांना मारू शकते, आणि त्यासाठी पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे चालू ठेवावी लागतात.

एकाच वेळी इतकी औषधे का, असाही प्रश्न त्यांच्या मनात असेल. कोट्यवधी जिवाणूंमध्ये एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे जिवाणू जन्मजात असतातच. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तेवढेच उरून वाढतात. एकाच जिवाणूने सर्व औषधांना एकाच वेळी दाद न देणे मात्र अत्यंत दुर्मीळ असते. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या किंवा अधूनमधून घेतल्या की हे गणित बिघडते आणि आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग होऊ शकतो. त्याचे उपचार अधिक कठीण आणि अधिक त्रासदायक असतात, आणि तोच जिवाणू मग घरातल्या माणसांनाही लागतो. यजमानांना बरे वाटते आहे हे खरेच आहे, पण गोळ्या कधी थांबवायच्या हे थुंकीची तपासणी आणि सहा महिन्यांचा हिशेब पाहून डॉक्टर सांगतील.

मुलीला आरोग्य केंद्रात आजच तपासून घ्या. तिला आजार नाही याची खात्री झाल्यावर पाच वर्षांखालील अशा मुलांना प्रतिबंधक औषध दिले जाते, कारण या वयात संसर्गाचे रूपांतर गंभीर आजारात, मेंदूच्या आवरणाच्या क्षयातसुद्धा, लवकर होते. तिला ताटवाटीतून संसर्ग होत नाही. तो हवेतून होतो, म्हणून घरातल्या खिडक्या उघड्या ठेवा. औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ऐवजी १,००० रुपये झाली आहे. यजमानांचे बँक खाते नोंदवले आहे का, ते केंद्रावर विचारून घ्या. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या किंवा नजर धूसर झाली तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्वरित दाखवा. या काळात दारू पूर्ण बंद असावी, कारण ही औषधे आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो. ओझी उचलण्याचे काम कधी सुरू करायचे हेही डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइड नक्की का? माझ्या मुलीने शाळेच्या वयात टायफॉइडची लस घेतली होती.
— एक वाचक, कोपरखैरणे

नक्की नव्हे. विडाल तपासणी जिवाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडे मोजते, आणि ती जुन्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही वाढलेली असू शकतात. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, शक्यतो पहिल्या आठवड्यात केलेले रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, अधिक भरवशाचे असते, शिवाय वाढलेल्या जिवाणूला कोणते औषध लागू पडेल हेही त्यातून कळते. हे कळणे आवश्यक आहे, कारण एकेकाळी टायफॉइडवर हमखास चालणारे सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्याकडे बहुतेक वेळा निष्प्रभ ठरते आणि ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन यांवर अवलंबून राहावे लागते. लसीबद्दल सांगायचे तर तुमच्या शहराला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित लस मोहीम काढून दिली, आणि सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस देण्याच्या जगातील पहिल्या प्रयत्नांत तिची नोंद झाली. तुमच्या मुलीने तीच लस घेतली असेल तर तिला चांगले संरक्षण आहे, पण ते शंभर टक्के नसते.

प्रश्न : जांघेत नायटा झाला आहे. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने चार दिवसांत जातो, आणि बंद केले की दुप्पट वाढतो. रोज दिवा ते ठाणे लोकलने प्रवास करतो.
— एक नोकरदार, दिवा

तुमच्या मलमात बहुधा बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइडही आहे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन किंवा बीटामेथासोन असे नाव दिसते का, ते पाहा. नायट्याची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन खाते आणि लाली व खाज ही शरीराच्या प्रतिकाराची खूण असते. स्टेरॉइड हा प्रतिकारच दाबून टाकते, त्यामुळे चार दिवसांत सगळे गेल्यासारखे वाटते, पण पहारा उठल्यामुळे बुरशी त्वचेवर निर्धास्त पसरत राहते. महिनोन्महिने असे केल्यास जांघेची त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या अधिक जवळची असल्याने तिच्यावरची औषधे मोजकी आहेत, आणि अशा अर्धवट उपचारांमुळे त्यांतली काही निष्प्रभ होत चालली आहेत. त्वचारोगतज्ज्ञ फक्त बुरशीनाशक मलम आणि बहुधा पोटात घ्यायच्या गोळ्या काही आठवडे देतील. डाग दिसेनासा झाल्यावरही त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात, आणि मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे. लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेले कपडे घरी येताच बदला, पावसाळ्यात अंतर्वस्त्रे दमट वाटली तर इस्त्री करूनच घाला, आणि टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याच भेटीत त्यांनाही दाखवा. डॉक्टरांकडे जाताना जुनी ट्यूब, रिकामी झाली असली तरी, सोबत घेऊन जा.